मामा, ते बिनपात्याचं हँडल अजून माझ्याकडे आहे

मामा,

३१ मेला तुम्ही मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधून, जिथे आम्ही पोरं मृतदेहावर शरीर शिकायचो, रिटायर झालात आणि तुमच्या सेंड ऑफला मी आले नाही. दुपारी तीन वाजता हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले, ग्रुपवर फोटो आले, आमच्या बॅचची निम्मी पोरं त्यात दिसली आणि मी कुठेच नव्हते, कारण त्या दिवशी माझी इमर्जन्सी ड्युटी होती आणि बरोबर त्याच वेळेला मी ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तिथे काय करत होते ते तुम्हाला सांगायचंय. फोन केला तर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" विचारता आणि ठेवून देता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल.

मी सहा नंबर टेबलवरची, डोंबिवलीहून यायचे ती. तुमच्यासमोरून इतक्या वर्षांत हजारो पोरं गेली, चेहरा आठवत नसेल तर राहू दे, पण फर्स्ट इयरला अॅब्डोमेनच्या, म्हणजे पोटाच्या पार्टला जिने डाव्या बाजूचे मसलचे तिन्ही थर एका झटक्यात कापून टाकले होते ती मीच. ब्लेड नवीन होतं, हात घाबरलेला होता, आणि पुस्तकात तीन मसल तीन वेगळ्या रंगात दाखवलेले असतात पण टेबलवर सगळं एकाच करड्या-तपकिरी रंगाचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सर टेबलपाशी आले, बघितलं, "पार्ट कम्प्लिशनला काय दाखवणार आहेस तू?" पार्ट कम्प्लिशन म्हणजे तो भाग संपल्यावरची परीक्षा. एवढं बोलून पुढच्या टेबलला गेले. त्यांचंही चुकलं असं नाही म्हणणार मी, दीडशे पोरांत एका माणसाने किती थांबायचं. पण मी बेसिनपाशी जाऊन रडत होते आणि तुम्ही बादली घेऊन मागे उभे होतात. तुम्ही म्हणालात, "उजवी बाजू अजून शाबूत हाय ना गो? मग रडतेस कशाक? उद्या साडेआठला ये."

दुसऱ्या दिवशी लेक्चरच्या आधी तुम्ही हॉल उघडलात, खिडक्या उघडल्यात, पंखे लावलेत कारण फॉर्मालिनने, मृतदेह टिकवायच्या औषधाने, माझे डोळे चुरचुरायचे हे तुम्ही बघून ठेवलं होतं. आणि पहिलं काम काय केलंत तर माझ्या स्काल्पेलचं, म्हणजे सुरीचं, ब्लेड काढून घेतलंत. नुसतं हँडल हातात दिलंत. "आता बोटाने आणि ह्याच्या मागच्या टोकाने. सुरी फक्त कातडीला."

मग तुम्ही मला माझाच हात अॅप्रनच्या खिशात घालायला लावलात. बोटं कुठे चालली? खाली आणि आतल्या बाजूला. हा एक्स्टर्नल ऑब्लिक, खालच्या आठ बरगड्यांवरून निघतो आणि तिरका खाली उतरतो. त्याच्या खाली बोट सरकवलं की दुसरा थर, इंटर्नल ऑब्लिक, तो बरोबर उलटा, कमरेच्या हाडावरून तिरका वर चढतो, पहिल्याशी काटकोनात. आणि सगळ्यात आत ट्रान्सव्हर्सस, आडवा, कमरपट्ट्यासारखा. हे पुस्तकातही आहे, मी पाठ केलेलं होतं, पण का आहे ते तुम्ही सांगितलंत. तुमचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९८२ च्या संपानंतर गिरणी परत सुरू झालीच नाही, आणि तुम्ही १९८७ ला इथे लागलात. तुम्ही म्हणालात, "बाप सांगायचा, नुसत्या ताण्याचं कापड कुणी पण फाडील, बाणा आडवा गेला की मग ताकद. पोटाला पुढनं हाड हाय काय? नाय. मग आतडी धरून ठेवणार कोण? हे कापड." मी तेव्हापासून पोटाच्या भिंतीचा विचार दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करूच शकले नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये बोट नेलं तेव्हा तुम्ही "थांब" म्हणालात. तिथे पांढरे दोरे होते, बारीक, चकाकणारे, बरगड्यांच्या खालून येऊन तिरके पुढे जाणारे. खालच्या पाच इंटरकोस्टल नर्व्ह, बरगड्यांच्या मधून येणाऱ्या, आणि सबकॉस्टल, शेवटच्या बरगडीखालची. या सगळ्या नर्व्ह याच फटीतून जातात, पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या मध्ये नाही. डाव्या बाजूला मी ब्लेडने हे सगळे दोरे कापले होते आणि कापले हे कळलंही नव्हतं मला. त्यातला एक आपण दोघांनी बेंबीपर्यंत सोडवत नेला, वीस मिनिटं लागली, तो टी टेन, छातीच्या दहाव्या मणक्यापासून निघालेला, बेंबीच्या आसपासच्या कातडीला जाणीव देणारा.

पण माझा खरा दिवस त्याच्या पुढचा होता. रेक्टसचा. लोक ज्याला सिक्स पॅक म्हणतात तो. त्याच्यावरचा पांढरा पापुद्रा म्हणजे रेक्टस शीथ, आपण मधोमध उभा उघडला आणि मला वाटलं आता मसल सहज उचलता येईल, तर नाही, तीन ठिकाणी घट्ट चिकटलेला. ते आडवे पट्टे, टेंडिनस इंटरसेक्शन, एक बेंबीच्या पातळीला, एक अगदी वर छातीच्या हाडाच्या टोकाशी, एक त्यांच्या मध्ये. तुम्ही म्हणालात, "पुढनंच चिकटलाय, मागनं मोकळा हाय, बाजूने हात घाल." आणि खरंच, कडेने हात घातला तर मागे सगळं गुळगुळीत, तळहात सरकत गेला. मग मागच्या भिंतीवरून बोट खाली खाली न्यायला सांगितलंत. बेंबी गेली, अजून खाली, आणि बेंबी आणि खालच्या प्युबिक हाडाच्या साधारण मध्यावर बोट एका धारेवरून घसरलं. अक्षरशः घसरलं. वर जाड पापुद्रा होता, खाली एकदम पातळ, मऊ. त्या धारेचं नाव आर्क्युएट लाइन. इथून खाली तिन्ही मसलचे पापुद्रे रेक्टसच्या पुढून जातात, मागे फक्त ट्रान्सव्हर्सॅलिस फेशिया हा पातळ पडदा आणि पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं अस्तर, उरतं. त्याच धारेपाशी इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक आर्टरी ही रक्तवाहिनी आत शिरताना दिसली. आर्क्युएट लाइनचं हे वाक्य मी चार पुस्तकांत वाचलं होतं आणि चारही वेळा समजलं नव्हतं. बोट घसरलं तेव्हा समजलं. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते हसलात, आणि मी परत परत बोट वर नेऊन खाली आणत होते, पाच-सहा वेळा तरी.

मग जाताना कातडी परत जागेवर ठेवायला लावलीत, वर ओला कपडा. "बाबा सुकतील." तुम्ही त्यांना कधी बॉडी म्हणाला नाहीत. तुम्ही लागलात तेव्हा बहुतेक बेवारसच यायचे, १९४९ च्या अॅनाटॉमी अॅक्टखाली, म्हणजे बेवारस देह शिकवायला देणाऱ्या कायद्याखाली, तेव्हापासून तुमची ही सवय, मग पुढे देहदानाचे यायला लागले, पण तुम्ही दोघांत कधी फरक केला नाहीत. पाठीच्या पार्टसाठी पालथं करायचं असायचं तेव्हा पण एक हात कायम डोक्याखाली. आमच्या टेबलवर आम्ही सगळे तेच शिकलो, न सांगता.

पाठीचं आठवलं म्हणून सांगते. इरेक्टर स्पायनी हा मणक्याच्या बाजूचा मसल मला पाठच होत नव्हता, बाहेरून आत इलिओकॉस्टॅलिस, लाँगिसिमस, स्पायनॅलिस, तीन दोरखंड. तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी गाडीत उभी असशील ना, कमरेवर हात ठेव." ५:४८ ची डोंबिवली, दादरला चढले, बसायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता, बॅग पुढे घेतली आणि एक हात मागे कमरेवर. थोडी पुढे वाकले तर मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोर ताठ, दगडासारखे. मागे रेलले तर दोर सैल आणि पोट घट्ट. कुर्ल्याच्या आधी गाडी कचकन थांबली तर सगळं एकदम आवळलं, पुढचं मागचं बाजूचं, मी विचार करायच्या आधीच. वर हँडल धरलेल्या हातात लॅटिसिमस डॉर्साय ताणलेला, कमरेवरून निघून थेट दंडाच्या हाडापर्यंत गेलेला. ठाण्यापर्यंत मी तेच करत होते, बाजूच्या काकूंनी विचारलं पण, पाठ दुखतेय का गं बाळा. मामा, त्या दिवसानंतर मला अॅनाटॉमीची भीती कधीच वाटली नाही.

आणि वळचण! तो तुमचा शब्द. बरगडीच्या खालच्या कडेला खोबण असते, त्यात वरून खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह, आम्ही इंग्लिश पहिली अक्षरं जोडून व्हॅन म्हणून पाठ करायचो आणि तरी व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, उलटं सांगायचो. तुम्ही बरगडीखाली नख फिरवून म्हणालात, पावसात माणसं घराच्या वळचणीला उभी राहतात ना, तशी ही तिघं बरगडीच्या वळचणीला. माझ्या इंटर्नशिपमध्ये रात्री अडीच वाजता बाइक अॅक्सिडेंटचा पेशंट आला, छातीत हवा भरलेली, श्वास लागलेला, सिनिअरनी मला पहिल्यांदा हवा काढायला छातीत ट्यूब टाकायला सांगितली. पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मसल आणि लॅटिसिमस यांच्या मधला त्रिकोण, बरगड्यांमधली पाचवी गॅप, आणि खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून आत, कारण वरच्या बरगडीच्या वळचणीला तिघं उभी आहेत. माझ्या डोक्यात तेव्हा इंग्लिश वाक्य नव्हतं, तुमचं नख होतं. ट्यूब बसली, बाटलीत बुडबुडे आले.

आता ३१ मे. पंचविशीचा मुलगा, अपेंडिक्स. दुसऱ्या ओटीत लॅप्रोस्कोपी चालू होती म्हणून ही ओपन करायची ठरली आणि सर्जरीच्या सरांनी मला म्हटलं तू कर, मी असिस्ट करतो. भुलीच्या मॅडमनी आधी टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाची भिंत बधिर करणारं इंजेक्शन, दिला. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर तीन काळसर पट्टे, मध्ये पांढऱ्या रेघा, आणि सुईने औषध सोडलं ते बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मध्ये, आपल्या त्या पांढऱ्या दोऱ्यांच्या फटीत. मी स्क्रीनकडे बघून "थांब" म्हणणार होते, तुमच्यासारखं.

मॅकबर्नी नावाच्या सर्जनने १८९४ मध्ये हा मार्ग सांगितला, की मसल कापायचे नाहीत, प्रत्येक थर त्याच्या धाग्यांच्या दिशेने फाकवायचा. कातडी सुरीने. मग एक्स्टर्नल ऑब्लिकचा पांढरा पापुद्रा, खिशात हात घालतो त्या दिशेने. मग सुरी बाजूला ठेवली. आर्टरी फोर्सेपच्या चिमट्याचं टोक इंटर्नल ऑब्लिकमध्ये घालून उघडलं, मग ट्रान्सव्हर्सस, आणि दोन रिट्रॅक्टरनी, कडा ओढून धरायच्या हत्यारांनी, फाकवलं. एकही धागा न कापता पेरिटोनियम समोर आलं. सर म्हणाले, "हात हलका आहे तुझा, कुठे शिकलीस?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "मी पण त्यांच्याच हाताखालचा, ९६ ची बॅच." मग आम्ही दोघं काही बोललो नाही, काम केलं. बाहेर येताना रिट्रॅक्टर काढले आणि ते दोन्ही थर आपोआप एकमेकांवर मिटले. भिंतीवर घड्याळ सव्वातीन दाखवत होतं, म्हणजे तुम्हाला शाल घालत असतील तेव्हा. मुलगा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला.

तुमचे आभार मानायचे होते मामा, म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही म्हणाल, मी काय, टेबलं पुसायचो. मला माहितेय तुम्ही काय केलंत.

येत्या रविवारी माझा ऑफ आहे, बाराच्या सुमारास लालबागला येते, काकूंना म्हणावं जेवायचं काही करू नका, आईने पुरणपोळ्या द्यायच्या ठरवल्यात. आणि एक, तुम्ही दिलेलं ते बिनपात्याचं हँडल अजून माझ्याकडे आहे, चार नंबरचं, मागे खिळ्याने ६ कोरलेलं. कॉलेजचं आहे, जमा करायला हवं होतं, सात वर्षं करवलं नाही. सोमवारी नवीन मामांकडे देऊन येते, सहा नंबर टेबलच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगते.

तुमची,
सहा नंबर टेबल