तेलासारखं दिसणारं ॲसिड

संपादक महोदय,

लॅबमधल्या सल्फ्युरिक ॲसिडबद्दल लिहावंसं वाटलं. 98 टक्क्यांचं हे ॲसिड दिसायला तेलासारखं, रंग नाही वास नाही, त्यामुळे टेबलावर सांडलेला थेंब पाणीच समजून लोक हात ठेवतात. साखरेवर ओतलं की साखर आधी पिवळी, मग तपकिरी होते आणि बघता बघता काळा कोळसा फुगून वर येतो, कारण हे ॲसिड साखरेतलं पाणीच ओढून घेतं, आणि कातडीचंही तेच करतं हो! पातळ करताना ॲसिड पाण्यात टाकायचं, हळूहळू, ढवळत. उलटं केलं तर पाणी हलकं असल्यामुळे वरच्या वर उकळतं आणि सगळं तोंडावर उडतं.

माझ्या सुती ॲप्रनवर एकदा पातळ ॲसिडचे थेंब पडले, तेव्हा काहीच दिसलं नाही, पण धुतल्यावर नेमकी तिथेच भोकं, कारण पाणी उडून जातं आणि ॲसिड मागे राहतं.

डोळ्यात गेलं तर लगेच नळाखाली, निदान 15-20 मिनिटं, मग तडक डॉक्टरकडे. सोडा वगैरे डोळ्यात अजिबात घालू नका.

– एक वाचक