जुन्या मीटरचा शेवटचा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. रोजच्या चौकटीत अर्धा की एक लिटर, आणि एक तारखेच्या चौकटीत लाल पेनाने विजेच्या मीटरचा आकडा. ही वडिलांची सवय, आईने ती चालू ठेवली. आम्ही भावंडे तिला त्यावरून चिडवायचो. गेल्या महिन्यापासून चिडवणे बंद आहे.

मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी 12 तारखेला दुपारी दोन मुले आली. "आजी, मीटर बदलायचाय, फुकट आहे," म्हणाली. जिन्याखालचा जुना मीटर काढला, नवा स्मार्ट मीटर बसवला, मोबाइलवर फोटो काढले आणि जुना मीटर पोत्यात घालून घेऊन गेली. मुले सभ्य होती, आईने चहाही दिला. त्यांनी मात्र कागदाचा चिटोराही दिला नाही. (फुकट हा शब्दही जपूनच घ्यावा. मीटरचा खर्च आज ना उद्या वीजदरातूनच निघणार.)

पुढचे बिल आले 265 युनिटचे. एकट्या बाईचे घर, एरवी 85 च्या वर जात नाही. शेजारीपाजारी म्हणाले, नवा मीटर जोरात पळतो. आईने कॅलेंडर काढले. 1 तारखेचा आकडा 18,431. बिलावर जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग 18,642. म्हणजे अकरा दिवसांत 211 युनिट, आणि तेही जुन्याच मीटरवर! नव्या मीटरचा यात काडीचा संबंध नव्हता. कार्यालयात तीन हेलपाटे घातल्यावर मुलांनी काढलेला फोटो पाहायला मिळाला. त्यात स्वच्छ 18,462 दिसत होते. बिलासाठी आकडा भरताना चार आणि सहाची अदलाबदल झाली होती. 180 युनिटची चूक, शिवाय 100 च्या पुढचे प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट दराने. बिल दुरुस्त झाले, पण "कॅलेंडरवरचं चालत नाही हो" हे आधी दोनदा ऐकून घ्यावे लागले.

स्मार्ट मीटरला माझा विरोध नाही. 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या विजेला सवलत आहे (सुरुवातीला ती युनिटमागे 80 पैसे होती), ती या मीटरशिवाय मिळत नाही. घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारने 2024 मध्ये जाहीर केले, तेही बरे झाले. पण या धावपळीत दोन हक्क कुणी सांगत नाही.

बिलावर वाद असला तर वीज तोडतील या भीतीने लोक गुपचूप पैसे भरतात. वीज कायदा 2003 चे कलम 56 सांगते की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि बिलाची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आम्ही तेच केले. नव्या मीटरची वीज कार्यालयात बसून तोडता येते, खांबावर कुणी चढावे लागत नाही. म्हणून तर या नोटिशीचे मोल आता वाढले आहे.

दुसरे, नव्या मीटरच्या रीडिंगबद्दल तक्रार केली तर पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासायचा, असा नियम 2024 मध्ये केंद्राने केला आहे. तक्रार मात्र लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

पण आईच्या बाबतीत हा जादा मीटर काय कामाचा होता? वाद जुन्या मीटरचा आणि जुना मीटर पोत्यात. म्हणून वीज कंपनीकडे मागणी एवढीच: जुना मीटर उंबऱ्याबाहेर जाण्याआधी त्याचा शेवटचा आकडा, नव्याचा पहिला आकडा आणि दोन्ही मीटरचे क्रमांक कागदावर लिहून, सही करून ग्राहकाच्या हातात द्यावेत. आणि नव्या मीटरवर जे पाच-सहा आकडे एकामागून एक येत राहतात, त्यांतला युनिटचा कोणता, तेवढे जाताना दाखवावे. आईला ते माझ्या भाच्याने शिकवले. या 1 तारखेला चष्मा लावून ती जिन्याखाली दहा मिनिटे उभी होती.

– एक वीजग्राहक, शाहूपुरी, सातारा