बाबा, गणपतीनंतर नको

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "ताप उतरला, आता फिस्टुलाचं गणपतीनंतर बघू." म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडायचं ते ऑपरेशन पुढे ढकलायचं. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही. डायलिसिससाठी मानेतून घातलेल्या परमकॅथच्या, म्हणजे त्या नळीच्या, आतल्या भिंतीला जंतू चिकटले की स्वतःभोवती चिकट थर करतात, त्यालाच बायोफिल्म म्हणतात. गच्चीवरच्या टाकीत आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं ना, तसाच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. रक्तात सुटे फिरणारे जंतू अँटिबायोटिकने मरतात, थरातले निवांत. त्यातले काही वाढायचंच थांबवून पडून राहतात, आणि बरीचशी अँटिबायोटिकं वाढत्या जंतूंवरच चालतात. डोस संपला की पुन्हा ताप येतो तो असा.

त्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, दोन ब्लँकेटं घालूनही तुमचे दात वाजत होते, आणि शेजारच्या बेडवरचे काका एसी बंद करा म्हणून ओरडत होते. दोष एसीचा नव्हता. मशीन मिनिटाला दोन-तीनशे मिलिलिटर रक्त त्याच नळीतून फिरवतं. त्या ओढीने थरातले जंतू सुटतात. नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यापाशी, म्हणजे ते लगेच अंगभर.

कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा जंतू आला हे त्यातल्या त्यात नशीब. नळीतच अँटिबायोटिक भरून ठेवून ती वाचवायचा प्रयत्न तरी करता आला. त्याचाच भाऊबंद स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला असता तर नळी काढावीच लागली असती. तो हृदयाच्या झडपांवर नाहीतर मणक्यात जाऊन बसतो.

"परमकॅथ बरा, सुया नाहीत," हे तुमचं म्हणणं कळतं. फिस्टुलात दर वेळी दोन जाड सुया टोचतात, दुखतं, खोटं कशाला बोलू? पण 1966 पासून रूढ असलेल्या या पद्धतीत आपलीच धमनी आपल्याच शिरेला जोडतात, आत प्लॅस्टिक राहत नाही. मात्र शीर फुगून जाड व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. म्हणजे गणपतीनंतर ऑपरेशन केलं तर दिवाळीसुद्धा याच नळीवर. आणि विसर्जनाच्या दिवशी पुन्हा थंडी वाजली तर पेठेतून रिक्षा बाहेर काढणार कोण?

आई, नळीचं तोंड उघडताना टेक्निशियनच्या आणि बाबांच्याही तोंडावर मास्क हवा. टेक्निशियन घाईत असला तरी त्याला बिनधास्त सांग. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतेस तशी. खांद्यावरून पाणी घ्यायचं नाही, अंग पुसून घ्यायचं. ड्रेसिंग ओलं झालं तर घरी सोडू नका, सेंटरवरच बदलून घ्या. आणि बाबांच्या डाव्या हातावर आता बीपी नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही. फिस्टुला त्याच हाताला करायचाय.

सर्जनची वेळ घेतलीत की मला लगेच कळवा, मी त्याप्रमाणे रजा टाकते.

तुमची,
मनू