बूटलूपमधून बाहेर काढणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

बाबांचा फोन काल रात्रभर चार्जरला होता आणि सकाळी बघतो तर बॅटरी बरोबर ८० टक्क्यांवर थांबलेली. म्हटलं, आज पत्र लिहायचंच. तोंडी आभार मानले की तू "बरं बरं" म्हणून विषय बदलतोस.

फोन २०१६ चा. २ जीबी रॅम, १६ जीबी जागा आणि अँड्रॉइड ७ वर येऊन कायमचा थांबलेला. नवा घेऊन देतो म्हटलं तर बाबा ऐकेनात, कारण हाच मुठीत मावतो. मी तुझ्याकडे आलो तो "रूट करून दे", म्हणजे फोनच्या प्रणालीचा पूर्ण ताबा मिळवून दे, एवढंच घोकत. तू विचारलंस, "रूट कशाला हवंय?" आणि मला धड सांगताच येईना. खरं सांगू, तेव्हा राग आला होता.

मग निम्मं काम तू रूट न करताच उरकलंस. एडीबीवरून, म्हणजे संगणकातून फोनला हुकूम देणाऱ्या साधनावरून, 'पीएम डिसेबल-यूजर' देऊन कंपनीने कोंबलेली अ‍ॅप्स झोपवलीस. मी सगळी उडवायलाच निघालो होतो. "झोपवलेलं उठवता येतं," एवढंच म्हणालास. स्क्रीनवरचा आकार ठरवणारी 'डब्ल्यूएम डेन्सिटी' ३२० ची ३८० केलीस आणि बाबांना चष्मा न शोधता नावं वाचता यायला लागली. उरल्या दोन गोष्टी: चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर अडवणं आणि होस्ट्स फाइलमधून, म्हणजे वेबपत्ते कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या यादीतून, जाहिराती रोखणं. रूट लागलं ते या दोनांसाठी.

फोन सुरू करून देणारा बूटलोडर अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो, हे मी वाचलं होतं. पण बाबांचे फोटो आधी संगणकावर उतरवून, त्यातले चार उघडून बघायला लावलेस तू. टीडब्ल्यूआरपी ही बॅकअप-दुरुस्तीची प्रणाली तर फोनमध्ये बसवलीही नाहीस, फास्टबूटवरून (संगणकातून फोनवर फाइल चढवण्याच्या मोडमधून) तेवढ्यापुरती सुरू केलीस आणि सगळ्यात आधी ईएफएसचा बॅकअप घेतलास. तो भाग बिघडला तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जातो आणि नेटवर्कच मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. संगणकावर 'मूळ' नावाचं फोल्डर करून त्यात फोनच्याच बिल्डची, म्हणजे सॉफ्टवेअर आवृत्तीची, बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) ठेवायला लावलीस. मला हा सगळा वेळकाढूपणा वाटत होता.

आणि तू गेल्यावर मी माती खाल्ली. 'मूळ'मधली फाइल सोडून कुठूनतरी "नवीन" दिसली म्हणून दुसरीच बूट इमेज घेतली, रूट देणाऱ्या मॅजिस्क अ‍ॅपने पॅच केली आणि फ्लॅश केली, म्हणजे फोनवर चढवली. लोगो आला, स्क्रीन काळी, फोन थरथरला, पुन्हा लोगो. वीस मिनिटं मी हाच खेळ, म्हणजे बूटलूप, बघत बसलो होतो. बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले. रात्री अकराला तुला फोन लावला तेव्हा आवाज फुटत नव्हता. तू ओरडला नाहीस. "बिल्ड नंबर वाच," म्हणालास. फोनचा एक निघाला, फाइलचा भलताच. मग आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून फास्टबूट, 'मूळ'मधली इमेज, 'फास्टबूट फ्लॅश बूट', खाली 'ओके'. फोन उठला. बाबांच्या मांडणीतलं एक चिन्हही हललं नव्हतं, कारण बिघडलं होतं ते फक्त बूट पार्टिशन. दुसऱ्या दिवशी तीच मूळ फाइल पॅच केली आणि पहिल्या फटक्यात रूट मिळालं.

गोड बोलून फसवलं नाहीस, याचेही आभार. रूट केल्याने सुरक्षेचे जुने पॅच नवे होत नाहीत, उलट एक दार जास्त उघडतं, हे तू स्पष्ट सांगितलंस. म्हणून बँकेचं अ‍ॅप या फोनवर नाही. तसंही रूट दिसलं की त्यातली बरीचशी चालायलाच नकार देतात. आता फोन सुरू होताना बूटलोडर अनलॉक असल्याचा इशारा झळकतो. बाबा दर वेळी विचारतात, "हे काय लिहून येतं रे?" मी सांगतो, "दादाची सही आहे."

'मूळ' फोल्डर आणि ईएफएसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घालून पाठवतोय. एक प्रत तुझ्याकडे असू दे, माझा माझ्यावर अजून भरवसा नाही.

तुझा,
रात्री अकराला फोन करणारा