‘अडकतोय की उडतोय?’ असं आधी विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कॉम्प्युटरचा पिसाळलेला कर्सर, म्हणजे माउसचा बाण, तुम्ही फोनवरूनच ताळ्यावर आणलात. फोन ठेवताना ‘थँक्यू’ म्हणालो होतो, पण तेवढ्याने समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही जे शिकवलंत ते जुना कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

माझा डेस्कटॉप विंडोज ७ वरचा. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच थांबवला. तरी मी तो जपून वापरतो, कारण लग्नपत्रिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या जुन्या फायली युनिकोडच्या (अक्षरांच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. ऐन लग्नसराईत याच मशीनचा कर्सर पिसाळला. एखादी वेलांटी सिलेक्ट करायला जावं तर बाण वरच्या ओळीत उडी मारायचा. माउसवरचा हात काढला तरी थरथरत कोपऱ्याकडे सरकायचा. नवरीच्या नावात काना-मात्रा चुकला तर छापलेल्या सगळ्या पत्रिका वाया जातात, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता. एका ठिकाणी विचारलं तर ‘व्हायरस असणार, फॉरमॅट मारून टाकू, नाहीतर नवीनच घ्या’ एवढंच ऐकायला मिळालं.

तुम्ही फॉरमॅटचं नावही काढलं नाहीत. आधी कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह करायला लावलीत आणि मग विचारलंत, ‘काका, कर्सर अडकतोय की उडतोय?’ अडकत असेल तर मशीनवर ताण आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, शंभर टक्क्यांवर गेलाय का, ते बघायचं. उडत असेल तर बहुतेक माउसलाच नीट दिसत नाहीये. आणि आपण होऊन फायली उघडत, बटणं दाबत फिरत असेल, तर मशीन बाहेरून कुणी चालवतंय का ही शंका घ्यायची. ती फिटावी म्हणून तुम्ही इंटरनेटची वायर काढायला सांगितलीत. वायर काढली तरी थरथर तशीच राहिली, म्हणजे बाहेरून कुणी चालवत नव्हतं. कुणीतरी आपल्या मशीनमध्ये शिरलंय या भीतीने मला झोप नव्हती. ती तुम्ही दोन मिनिटांत घालवलीत.

पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा दंडक. माझ्याकडे हिरव्या पिनेचा, गोळीवाला जुना माउस होता. तो लावू का विचारल्यावर म्हणालात, ‘लावा, पण मशीन पूर्ण बंद करून. ती पिन चालू मशीनला लावायची नसते.’ तो माउस सरळ चालला. म्हणजे विंडोज ठीक होतं आणि फॉरमॅटची काहीच गरज नव्हती!

मग तुमचा प्रश्न आला, ‘टेबलावर काय आहे?’ टेबलावर काच होती, खाली पत्रिकांचे नमुने लावलेले. माझ्या नेहमीच्या माउससारखा लाल दिव्याचा माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो, एकामागून एक ताडून बघतो आणि त्यावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला खूण सापडत नाही, हे तुम्ही फोनवर इतकं सोपं करून सांगितलंत की मी कागदावर चित्र काढून घेतलं. माउसखाली वहीचा पुठ्ठा ठेवला आणि उड्या थांबल्या.

दुसरं कुणी तिथेच फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, ‘हात काढल्यावर अजून सरकतोय का?’ थोडा सरकत होता. माउसची वायर काढून, उलटा करून टॉर्चच्या उजेडात बघितलं. भिंगाच्या खाचेत कापसाचा बारीक तंतू आडवा अडकलेला. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढाच, पण सेन्सरच्या अगदी तोंडासमोर. टूथपिकने अलगद ओढून काढला. त्यानंतर बाण जिथे ठेवावा तिथेच राहतोय. रखडलेली पत्रिका त्याच रात्री छपाईला गेली.

तुम्ही नवा माउस सहज विकू शकला असता. उलट म्हणालात, ‘एका क्लिकचं डबल-क्लिक व्हायला लागलं की बटणाचा स्विच झिजला समजा, तेव्हा घ्या.’ तसं झालं की तुमच्याकडूनच घेणार.

आणखी एक सांगायचं राहिलं. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की टचपॅडवर कर्सर नाचायचा. तुमच्याच पद्धतीने तिला आधी चार्जर काढून बघायला सांगितलं, तर नाचणं थांबलं. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावल्यावरही नीट चालतोय. पहिल्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला उद्या वायरमन येणार आहे. काय निघतं ते कळवतो.

आपला,
पत्रिकावाले काका