मालिकेला वेळ देणारा अधिकारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीआरपी घसरला म्हणून मालिका गुंडाळली, नाहीतर रात्री अकराला ढकलली, अशा बातम्या आपल्या मनोरंजनाच्या पानावर सतत असतात. त्या वाचल्या की मला अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचे ब्रॅण्डन टार्टिकॉफ आठवतात. तिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा मनोरंजन विभागाची सूत्रं त्यांच्या हाती आली. तीन मोठ्या वाहिन्यांत एनबीसी तेव्हा शेवटची होती.

सप्टेंबर १९८२ मध्ये त्यांनी ‘चिअर्स’ सुरू केली. बोस्टनमधला एक बार, तिथली रोजची गिऱ्हाइकं आणि त्यांच्या गप्पा, एवढाच ऐवज. समीक्षकांनी वाखाणली, पण प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती जवळपास तळाला होती. टार्टिकॉफ आणि त्यांचे वरिष्ठ ग्रँट टिंकर यांनी तरीही ती चालू ठेवली. त्या जागी लावायला हाताशी दुसरं फारसं चांगलं नव्हतं, हेही खरं. पण पुढे हीच मालिका अमेरिकेतल्या पहिल्या दहांत जाऊन बसली आणि १९९३ पर्यंत, म्हणजे अकरा पर्वं, चालली.

त्यांचं सगळंच जमलं असं नाही. १९८३ च्या हंगामात आणलेल्या नऊच्या नऊ नव्या मालिका बंद पडल्या. त्यातल्या एकीचा नायक हवं तेव्हा हवा तो प्राणी व्हायचा! मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढं होऊनही टिंकरांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं नाही. पुढच्याच वर्षी ‘द कॉस्बी शो’ आला आणि १९८५-८६ च्या हंगामात एनबीसी पहिल्या क्रमांकावर पोचली. ‘साइनफेल्ड’च्या पहिल्या भागाबद्दल तर स्वतः टार्टिकॉफ साशंक होते. ती वाचली रिक लडविन या सहकाऱ्यामुळे. त्यांनी विशेष कार्यक्रमांच्या बजेटमधून आणखी चार भागांचे पैसे काढले.

या धावपळीत टार्टिकॉफ हॉजकिन्स या कर्करोगाशीही झुंजत होते. १९९१ मध्ये ते पॅरामाउंट स्टुडिओचे प्रमुख झाले, पण अपघातात जबर जखमी झालेल्या मुलीजवळ राहता यावं म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी ते पद सोडलं. १९९७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते गेले.

आपल्याकडे दर आठवड्याला आकडे येतात आणि लेखकाला पात्रं उभी करायलाही उसंत मिळत नाही. नायिकेचं घर, माहेर, नोकरी प्रेक्षकाच्या ओळखीची होईपर्यंत कथेला भलतंच वळण दिलेलं असतं. आपण कलाकारांच्या मुलाखती आवडीने छापता. आता मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रम-प्रमुखांचीही एक मुलाखत घ्यावी आणि त्यांना थेट विचारावं: नव्या मालिकेला किमान सहा महिने हात लावणार नाही, असं तुम्ही जाहीर कराल का? आणि तसं केलंत, तर तुमचे वरिष्ठ तुमच्या पाठीशी उभे राहतील का?

आपला नियमित वाचक,
सांगली