‘त्याच्या आधी काय झालेलं असतं?’ असं विचारल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याचा माझा त्रास घेऊन तुमच्याकडे येण्याआधी मी रेल्वेलगतच्या भिंतींवर जाहिरात रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’कडेही जाऊन आलो होतो. चूर्ण मिळालं, ब्रह्मचर्यावर व्याख्यान मिळालं. ‘किती वेळा?’ हे सगळ्यांनीच विचारलं. तुम्ही विचारलंत, ‘त्याच्या आधी काय झालेलं असतं?’

मग वही लिहायला लावलीत. वेळ, जागा, मनात काय चाललं होतं, नंतर कसं वाटलं. पानं भरत गेली तशी त्यात वासना फारशी सापडेचना. सापडत होती ती भीती. साहेबांचा चढलेला आवाज, रिकामं घर, मागून कुणीतरी खांद्यावर ठेवलेला हात. लहानपणी घरातल्याच एका मोठ्या माणसाने जे केलं, त्यानंतर शरीराला बधिर होण्याचा हा एकच रस्ता ठाऊक झाला होता. हे समजावून सांगताना तुम्ही मला सूट मात्र दिली नाहीत. ‘एचआयव्हीसकट सगळ्या तपासण्या करून घ्या, बायकोला अंधारात ठेवू नका,’ हेही त्याच बैठकीत, त्याच शांत आवाजात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून, या त्रासाला निदान म्हणून जागा आहे, तीही व्यसनांत नाही, आवेग आवरता न येण्याच्या विकारांत, हे तुमच्याकडूनच कळलं. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला हवा, संसार-नोकरी विस्कटलेली हवी किंवा जिवाला फार त्रास होत असायला हवा. नुसती ‘पाप केलं’ ही टोचणी पुरत नाही. माझी बरीचशी टोचणी तिथेच बाजूला निघाली. उरलेला आजार उपचार करण्याजोगा दिसू लागला.

मला लगेच जुनं उकरायचं होतं. तुम्ही थांबवलंत. आधी झोप, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी (नैराश्यावर देतात तीच), आणि ओढ आली की ती ओसरेपर्यंत काय करायचं याचा सराव. मग कुठे ईएमडीआर, म्हणजे नजर इकडून तिकडे फिरवत जुन्या आघाताची आठवण हाताळायचा उपचार. डोळ्यांसमोर बोटं हलवून काय होणार, असं तेव्हा वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही. आठवण गेली नाही, पण आता ती जुनी वाटते. पोटात गोळा येत नाही.

‘मुलग्यांच्या बाबतीत असं कुठे होतं?’ हे तर मी स्वतःलाच बजावत आलो होतो. तुम्ही महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा अहवाल पुढे ठेवलात. १३ राज्यांतल्या, पाहणीत बोललेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला होता, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसलो आणि तुम्ही घाई केली नाहीत.

हिला वेगळी वेळ दिलीत, त्याबद्दल ती स्वतः लिहिणार आहे. तिच्या वतीने मी आभार मानलेले तिला चालणार नाहीत. गोळी कमी करायचं पुढच्या भेटीत बोलू. हे पत्र दवाखान्यात लावायचं असेल तर खुशाल लावा, म्हणून तर खाली नाव घातलेलं नाही.

आपला,
एक पेशंट